एकशे पंच्याऐंशी विमाने

सन 1940 च्या सप्टेंबरची 15 तारीख. त्या रविवारी जर्मन विमानांच्या झुंडी लंडनवर चालून आल्या आणि ब्रिटिश वैमानिक आपली हरिकेन व स्पिटफायर विमाने घेऊन त्यांच्यावर तुटून पडले. शत्रूची 185 विमाने पाडली, असे ब्रिटिशांच्या हवाई खात्याने जाहीर केले. बाँबवर्षावाने गांजलेल्या जनतेला त्या आकड्याने केवढा धीर दिला असेल!

पुढे युद्ध संपले आणि जर्मन हवाई दलाचे दप्तर विजेत्यांच्या हाती आले. त्यात त्या दिवशीचे नुकसान होते सुमारे 60 विमानांचे.

मग वैमानिक खोटे बोलले काय? मुळीच नाही. ताशी तीनशे मैलांच्या आसपास वेगाने धावणाऱ्या विमानातून, ढगांच्या गर्दीत, एका क्षणात जे दिसले ते त्यांनी सांगितले. एकाच विमानावर चौघे गोळ्या झाडीत आणि ते कोसळताच प्रत्येकास वाटे, हे मीच पाडले. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाजवळ त्या दिवशी एक डॉर्निअर विमान पडले. रे होम्स या वैमानिकाच्या सांगण्याप्रमाणे, जवळच्या गोळ्या संपल्यामुळे त्याने आपले विमानच त्याच्यावर आदळले. परंतु त्यापूर्वी इतर अनेकांनीही त्यावर मारा केला होता. आता हे विमान कोणाच्या नावे मांडावे?

जर्मन दप्तरावर तरी विश्वास का ठेवावा, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. ते दप्तर जगाला दाखविण्यासाठी लिहिलेले नव्हते. किती विमाने गेली हे कळल्यावाचून नवी किती मागवावीत, हे ठरविता येत नाही. तेथे आकडा लपविणाऱ्याचेच नुकसान होते.

2001 साली सुरू झालेल्या विकिपीडिया या ज्ञानकोशात कोणालाही लिहिता येते. अशा ग्रंथात एकाने 185 लिहावे, दुसऱ्याने ते खोडून 60 करावे आणि तिसऱ्याने रागाने पुन्हा 185 लिहावे, कारण त्याला वाटते, आकडा घटविला की वीरांचा अपमान झाला. हे भांडण मिटविण्यासाठी मधला आकडा काढून चालत नाही. 120 हे तर कोणीच म्हटलेले नाही! तेथे वाक्यच निराळे लिहावे लागते: ‘185 विमाने पाडल्याचे ब्रिटिश हवाई खात्याने त्या वेळी जाहीर केले; युद्धानंतर जर्मन दप्तर तपासता हा आकडा सुमारे 60 ठरला.’ या वाक्यात दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घोषणा झाली, हेही इतिहासच आहे. परंतु ती कोणाची हे सांगितले नाही, तर वाचक तिलाच हिशेब समजेल.

त्या वेळचे ब्रिटिश पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी युद्धानंतर ग्रंथ लिहिला, त्यात शत्रूचे त्या दिवशीचे नुकसान 56 विमानांचेच होते, हे त्यांनी स्वतः नमूद केले. ज्या विजयाचे ते नायक, त्याचाच आकडा त्यांनी उतरविला. आणि विजय काही त्यामुळे लहान झाला नाही. त्या लढाईनंतर दोनच दिवसांनी, 17 सप्टेंबरला, हिटलरने इंग्लंडवरील स्वारी लांबणीवर टाकली. ती पुढे कधीच झाली नाही.