नभोवाणी आणि तालुक्यातील कास्तकार

दवंडी हे आपल्याकडील सर्वांत जुने ध्वनिक्षेपण होय. महसूल खात्यात कारकुनी करीत असता वसुली, लिलाव, पीकपाहणी अशा नाना कारणांसाठी दवंडीचे हुकूम आम्ही लिहिले आहेत. कोतवालाने चावडीपुढे हलगी वाजवून मजकूर सांगितला म्हणजे तो गावास कळला, असे कागदोपत्री धरले जाई. शेतवस्तीवर राहणाऱ्यास तो कळत नसे. आणि ज्यास कळे, त्यास काही विचारावयाचे असले तर कोतवाल पुढच्या आळीस गेलेला असे. दवंडी दूरवर पोचत नाही आणि उलट प्रश्न घेत नाही, हे तिचे दोन दोष. नभोवाणीने पहिला दोष दूर केला. दुसरा पुष्कळ काळ तसाच राहिला, आणि तोच आमच्या लेखाचा विषय आहे.

आपला रेणापूर भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादचे नभोवाणी केंद्र प्रथम खासगी होते. १९३५ मध्ये निजाम सरकारने ते आपल्या ताब्यात घेतले. पुढे औरंगाबादेसही एक केंद्र झाले. भाषेत उर्दूचा वरचष्मा असे, आणि यंत्र घेण्याची ऐपत खेड्यात कोणास असणार! १७ सप्टेंबर १९४८ रोजी शरणागतीची वार्ता निजामाने याच नभोवाणीवरून सांगितली. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद व औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे अखिल भारतीय नभोवाणीकडे आली. त्यांपैकी औरंगाबादचे काही वर्षांतच बंद झाले, आणि मराठवाड्यातील कास्तकारास आपले म्हणता येईल असे केंद्र परभणीस निघावयास १९६८ साल उजाडले.

मधल्या काळात पुण्यास एक प्रयोग झाला, तो वाचकांनी नीट समजून घ्यावा. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावे निवडली. प्रत्येक गावी सुमारे वीस जणांचे श्रोतृमंडळ स्थापिले. आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो संपताच यंत्र बंद करावयाचे, ऐकलेल्या गोष्टीवर मंडळाने चर्चा करावयाची, आणि निघालेले प्रश्न व निर्णय लिहून केंद्राकडे पाठवावयाचे. केंद्र पुढील कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे देई. असे वीस कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली, तीही मोठ्या चोख रीतीने. मंडळाच्या गावांबरोबर, यंत्र आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि यंत्रच नाही अशी गावेही त्यांनी तपासली. मंडळाच्या गावांतील लोकांचे ज्ञान इतरांपेक्षा पुष्कळच वाढलेले आढळले, आणि त्यात निरक्षरही मागे नव्हते. नुसते यंत्र बसविलेल्या गावांत तसा लाभ दिसला नाही. म्हणजे गुण पेटीचा नसून पेटीभोवती बसून बोलणाऱ्या मंडळाचा होता. १९५९ पासून ही योजना देशभर पसरविण्यात आली. पण प्रश्न पाठविण्याची व उत्तर येण्याची ती नियमितता पुढे टिकली नाही.

या प्रयोगाच्या वेळी आपण हैदराबाद राज्यातच होतो, म्हणून त्याचा लाभ आपणांस झाला नाही. परभणी केंद्राने मात्र आपली सेवा केली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. १९७२ मध्ये त्याच गावी कृषी विद्यापीठ झाले, आणि विद्वान व ध्वनिक्षेपण एका ठिकाणी आले. तथापि मध्यम लहरीवरील केंद्राचा पल्ला अनेक जिल्ह्यांचा असतो. गोदाकाठची भारी जमीन आणि आमच्या बालाघाटावरील हलके माळरान यांस एकच सल्ला कसा लागू पडावा? एकाच मंडळात एका शिवारी पाऊस पडतो आणि शेजारचे शिवार कोरडे राहते. पैसेवारीचे तक्ते करताना हा अनुभव आम्हांस नेहमीचाच असे.

म्हणून लहान पल्ल्याचे केंद्र हवे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. तो देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपले मराठी गृहस्थ होते. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांस, आणि २००६ मध्ये समाजकार्य करणाऱ्या संस्था, कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे यांस लहान केंद्रे काढण्याची मुभा मिळाली. यांस सामुदायिक नभोवाणी म्हणतात.

तिचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच जुन्या हैदराबाद राज्यात, बीदरच्या पलीकडे जहीराबादेजवळ माचनूर या खेड्यात आहे. तेथील दलित कास्तकार स्त्रियांच्या संघांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आश्रयाने १९९८ च्या सुमारास केंद्राची सिद्धता केली. परवाना येण्यास दहा वर्षे लागली. तोवर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ज्वारी, बाजरी, राळा यांचे बियाणे कसे राखावे, कोणते मिश्रपीक कोणत्या जमिनीत साधते, हे त्या ध्वनिफितीवर घेत आणि संघाच्या बैठकीत ऐकवून त्यावर चर्चा करीत. १५ ऑक्टोबर २००८ रोजी केंद्र अधिकृतपणे सुरू झाले, तेव्हा उद्घाटनास न्यायमूर्ती सावंतच गेले होते. आपल्या महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी संस्थेचे केंद्रही २००८ मध्येच निघाले. माण तालुका आपल्याइतकाच अवर्षणाचा, हे वाचक जाणतात.

अशा केंद्राचे यंत्र फार मोठे नसते. शक्ती १०० वॅट, मनोरा सुमारे ३० मीटर आणि पल्ला १० ते १५ किलोमीटर. या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली की आवाज तुटतो. तेव्हा रेणापुरासारख्या ठिकाणी मनोरा कोणत्या उंचवट्यावर उभारावा, हे आधी फिरून पाहिले पाहिजे. नोंदणी होऊन तीन वर्षे झालेली संस्था अर्ज करू शकते. व्यक्ती, राजकीय पक्ष व नफ्याचा धंदा करणाऱ्यांस मनाई आहे. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिकांनीच केलेले असावे लागतात. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या पुन्हा ऐकविता येतात. हा निर्बंध आम्हांस अनावश्यक वाटतो.

एप्रिल २०१६ मध्ये लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा कोणत्या गावी टँकर केव्हा येणार, एवढे खात्रीने सांगणारा आवाज असता तरी स्त्रियांचे किती तास वाचले असते! सोयाबीनवर पडलेली अळी, पीकविम्याची मुदत, वीज पडण्याचा इशारा, ही माहिती आज मोबाइलवर येते खरी. परंतु तेथे खरे व खोटे एकाच वेगाने धावते, आणि चुकीबद्दल जाब कोणास विचारावा, हे कळत नाही. गावच्या केंद्रावर बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतो.

आपल्या संघाने परवान्याची वाट पाहत बसू नये. प्रत्येक गावी वीस सभासदांचे मंडळ करावे आणि एक प्रश्नवही ठेवावी. येत्या पेरणीपूर्वी कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांची उत्तरे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ती चावडीत ऐकवावी. वहीत प्रश्न, विचारणाराचे गाव, उत्तराची तारीख, आणि त्याप्रमाणे केल्यावर शेतात काय झाले, असे चार रकाने आखावे. चौथा रकाना भरून घेण्याचे काम गावातील शाळेच्या मुलांकडे द्यावे, म्हणजे तो रिकामा राहणार नाही.