डाळीच्या डब्यातली पाखरं : घरी करून बघायचा एक पाठ



पावसाळा सरता सरता रव्याचा, डाळीचा, शेंगदाण्याचा डबा उघडला की बारीकसं पाखरू उडतं. आत बघावं तर दाण्याला दाणा चिकटलेला, जाळी धरलेली. कीटकाचं जीवनचक्र शिकवताना आपण फळ्यावर फुलपाखरू काढतो. अंडी, अळी, कोष, पतंग या चारही अवस्था तर इथे फडताळातच आहेत.

मुलांना आधी हे विचारा : नासधूस कोण करतं? उडणारं पाखरू काहीच खात नाही. ते आठ-पंधरा दिवस जगतं, अंडी घालतं आणि मरतं. खाते ती अळी. पोट भरलं की ती डबा सोडून वर चढते. झाकणाच्या आट्यांत, फळीच्या खाली, भिंत-छताच्या कोपऱ्यात कोष करते. म्हणून नुसतं पीठ फेकून भागत नाही. कोष तिथेच राहतात आणि महिन्याभरात पाखरं परत हजर!

तेव्हा सगळे डबे एकाच दिवशी काढायचे. जाळी लागलेलं धान्य घरात ठेवायचं नाही. चांगलं दिसणारं चाळून, पाखडून कडक उन्हात पातळ पसरा. उन्हाने अळ्या पळतात, पण अंडी राहू शकतात. रवा-बेसन थोडंच असेल तर आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवणं जास्त खात्रीचं. डबे गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, फळीच्या फटी ब्रशने खरवडा. पातळ पिशवी अळी कुरतडते, घट्ट झाकणाचा डबाच हवा. कडुनिंबाचा पाला जरूर घाला, मात्र आत असलेली अळी त्याने मरत नाही.

आता महत्त्वाचं. धान्यात टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात नकोतच. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो, आणि त्या विषावर उतारा नाही. बंद खोलीत, धान्याच्या पोत्याशेजारी मुलं झोपत असतील तर काय होईल ते सांगायला नको. कपाशीच्या फवारणीतलं उरलेलं औषधही चुलीजवळ फवारू नका. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. इथे तर चार भिंती आहेत.

गंमत बघा, याच जातकुळीतला तांदळाचा पतंग प्रयोगशाळेत मुद्दाम पाळतात. त्याची अंडी कागदावर चिकटवून त्यांत ट्रायकोग्रामा नावाची इवलीशी गांधीलमाशी वाढवतात. तेच ट्रायकोकार्ड कपाशीवर बोंडअळीची अंडी संपवायला लावतात. जर्मनीत असली कार्डं स्वयंपाकघरातल्या पाखरांसाठीही विकत मिळतात.

सफाईनंतर मुलांना कॅलेंडरवर रोज दिसलेली पाखरं मांडायला सांगा. दीड महिना मांडा. शाळेच्या पोषण आहाराच्या कोठीतही हीच नोंद ठेवता येईल, आणि नवीन पोतं आलं की ते आधी वेगळं ठेवून उघडून बघायचं.