कुंडाचं ऊन पाणी आणि रंगीत रोल

प्रश्न : रंगीत निगेटिव्हचा रोल घरी धुता येतो, पण रसायनं गरम ठेवावी लागतात असं ऐकलं. आमच्याकडे कुंडांना बारा महिने गरम पाणी असतं. ते वापरलं तर चालेल का? आणि लाल दिव्याची खोली लागेलच ना?
— एक वाचक, वज्रेश्वरी

उत्तर : दिव्याची शंका सोपी, ती आधी निकालात काढू. लाल दिवा अजिबात लावायचा नाही. तो चालतो कृष्णधवल प्रिंटच्या कागदाला, कारण त्या कागदावर लाल उजेडाचा परिणाम होत नाही. रंगीत फिल्म लाल रंगही टिपते, त्यामुळे त्या दिव्याखाली उघडली की रोल वाया गेला. मिट्ट अंधार लागतो तो रोल रिळावर चढवून टाकीत बंद करेपर्यंतच. बाह्यांची काळी चेंजिंग बॅग असेल तर त्यासाठी वेगळी खोलीही नको. झाकण लागलं की पुढचं सगळं काम मोरीत, भर उजेडात.

आता पाणी. कोडॅकने १९७२ मध्ये आणलेली सी-४१ ही पद्धत आजही चालते. तिच्यात डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसला सव्वातीन मिनिटं वापरतात. फॅरनहाइटमध्ये हे बरोबर शंभर, म्हणजे आपण ‘शंभर ताप आहे’ म्हणतो तेवढंच. तापाचा डिजिटल थर्मामीटर इथे छान उपयोगी पडतो. तो सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो, म्हणून दर वेळी बंद करून पुन्हा लावायचा, आणि नंतर तो रसायनांसाठीच ठेवायचा.

एवढा काटेकोरपणा कशाला? फिल्मवर एकाखाली एक असे थर असतात: वर निळा उजेड टिपणारा, मग हिरवा, तळाशी लाल. डेव्हलपर वरून झिरपत जातो, त्यामुळे तळाच्या थराला तो उशिरा भेटतो. तापमान आणि वेळ अशी बेतलेली असते की तिन्ही थरांत रंग योग्य प्रमाणात तयार व्हावेत. पाणी निवलं किंवा जास्त तापलं की थरांचा मेळ बिघडतो. मग सावल्यांवर एक छटा आणि उजळ भागावर भलतीच, आणि ती स्कॅन करतानाही धड निघत नाही. कृष्णधवल फिल्ममध्ये असा रंगांचा मेळ सांभाळायचा नसतो, म्हणून तिथे वेळ कमीजास्त करून भागतं.

म्हणजे नुसती उष्णता पुरत नाही, ती स्थिर हवी. कुंडाचं पाणी अंगाच्या उष्णतेपेक्षा बरंच गरम असतं. ते बादलीत आणून गार पाणी मिसळा, अडतीसच्या किंचित वर ठेवा आणि त्यात बाटल्या नि टाकी उभी करा. एवढ्यापुरतं ते उत्तम. (टाकी थेट कुंडात बुडवायचा विचार असेल तर स्नानाला आलेले भाविक काय म्हणतील याचाही विचार करा.) खरं तर बंबाचं किंवा गिझरचं पाणीही तेच काम करतं. बादली मात्र मोठी घ्या, म्हणजे ती हळू निवते. डेव्हलपरनंतरच्या ब्लीच-फिक्सला एवढे लाड लागत नाहीत.

मात्र त्या पाण्यात रसायनं कालवू नका. जमिनीत खोलवर मुरून, तापून वर येताना ते खडकांतले क्षार घेऊन येतं. त्यातलं कॅल्शियम डेव्हलपरमधल्या कार्बोनेटशी मिळालं की खडूसारखा साका बसतो. शेवटच्या धुण्यात वापरलं तर निगेटिव्हवर पांढरे डाग पडतात. बोअरच्या जड पाण्याचंही तेच. कालवायला आणि शेवटच्या धुण्याला डिस्टिल्ड पाणी घ्या. बॅटरीत घालतात ते चालतं. फक्त ते पाणीच आहे, आम्ल नाही, हे लेबलवर पाहा.

हातमोजे घाला, डेव्हलपरमुळे काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. वाळलेली पट्टी नारिंगी दिसली तर ती बिघडलेली नाही. फिल्ममधल्या रंगद्रव्यांची अशुद्धता सावरण्यासाठी तो रंग मुद्दाम ठेवलेला असतो.

एक विनंती. वापरलेलं ब्लीच-फिक्स कुंडाच्या आसपास किंवा तानसा नदीत ओतू नका. फिल्ममधली चांदी त्यात उतरलेली असते आणि ती जलचरांना घातक ठरते. कॅनमध्ये साठवा आणि एखाद्या चालू लॅबला विचारा. पूर्वी स्टुडिओ आणि एक्स-रेवाल्यांकडचा वापरलेला फिक्सर चांदीसाठी पैसे देऊन नेणारे लोक असत.