ताप अंगावर काढू नकोस

पुणे

चि. महेश,

काल फोनवर तुझा आवाज बसलेला होता. अंगात कसकस असूनही एकही शिफ्ट चुकवली नाही, हे तू अभिमानाने सांगितलंस. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. मी अख्खा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डात काढला आहे, म्हणून सांगते, ताप अंगावर काढू नकोस.

साधी सर्दी हळूहळू चढते आणि बहुधा नाकातच राहते. फ्लूचं तसं नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून आडवा होतो, सगळं अंग ठणकतं, कोरडा खोकला लागतो. त्यात तुमच्या टॉवेलच्या कारखान्यात मागांवर सुताची बारीक धूळ उडते. खोकला रोजचाच, मग नवा खोकलाही धुळीचाच वाटतो. खोकल्याबरोबर ताप आणि अंगदुखी असेल, तर धुळीवर ढकलू नकोस, तो फ्लू असू शकतो.

'तरण्या माणसाला काय होतंय' असं म्हणालास. 1918च्या फ्लूच्या साथीत आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, त्यात वीस ते चाळीस वयाचे धट्टेकट्टे फार होते. दरवर्षीचा फ्लू तेवढा घातक नसतो, तू बहुधा आठवड्यात बरा होशील. पण घरात लक्ष्मीला सहावा महिना आहे आणि वहिनींना मधुमेह. अशांच्या छातीत हा आजार लवकर उतरतो. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस तुझ्यापासून त्यांना लागण होऊ शकते.

तेव्हा पुढच्या खोलीत वेगळा झोप, खिडकी उघडी ठेव, तोंडाला मास्क लाव. तुमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून हात धुण्यातही काटकसर होते. हात ओले करून वीस सेकंद साबण चोळ, मग एका तांब्यात भागतं. मात्र खोकलेल्या हाताने पिंपात तांब्या बुडवू नकोस.

मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या परस्पर आणू नकोस, विषाणूवर त्या चालत नाहीत. फ्लूची गोळी डॉक्टरांनी दिलीच, तर ती पहिल्या दोन दिवसांत सुरू झालेली बरी, म्हणून आजच दाखव. आल्याचा काढा, गरम हुलग्याचं माडगं जरूर घे, घशाला आराम पडतो. पण धाप लागली, छातीत दुखलं किंवा उतरलेला ताप परत चढला, तर थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठ. लक्ष्मीला नुसती कणकण वाटली, तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आणि सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. मिरवणुकीत नंदीध्वज पेलायची तुझी हौस मला ठाऊक आहे. पण ताप असताना बाराबंदी चढवून त्या गर्दीत शिरू नकोस. नंदीध्वज पेलायला छातीत दम लागतो, शिवाय तुझा खोकला शेजारच्या दहा जणांच्या घरी जाईल. यंदा पाळी दुसऱ्याला दे. सिद्धरामेश्वरांना घरूनही हात जोडता येतात.

लक्ष्मीच्या डॉक्टरांना फ्लूच्या लशीचं याच आठवड्यात विचार. गरोदरपणात ती घेता येते आणि जन्मल्यावर पहिले काही महिने बाळालाही तिचं संरक्षण मिळतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला स्वतःची लस देता येत नाही, म्हणून आईनेच घ्यायची. लशीचा असर व्हायला दोन आठवडे लागतात. सरकारी दवाखान्यात मोफत मिळते का, तेही पाहा. नाही मिळाली तर पैसे मी पाठवते. लस झाली की फोन कर.

तुझी,
आत्या