पिंपळपानाला जाळी पडेपर्यंत

शनिवारची सकाळची शाळा सुटली की वडूजमधल्या आमच्या ओट्यावर गल्लीतली आठ-दहा पोरं गोळा होतात. याला आता चार वर्षं झाली. पत्र्याच्या ट्रंकेत पुस्तकं आणि नेणाऱ्याचं नाव लिहायला एक वही, एवढाच पसारा. मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून सुरू केलं होतं. पण त्यात मलाच जे उमगत गेलं, ते सांगावंसं वाटतं.

१. वाचायला लावणं वेगळं आणि वाचू देणं वेगळं. माझं पहिलं वर्ष लावण्यातच गेलं. गोष्ट संपली की प्रश्न ठरलेला, तात्पर्य काय? अवघड शब्द उतरवून काढा, किती पानं झाली ते सांगा. एक मुलगी मी जवळ गेले की पुस्तक मिटायची. का, हे विचारायला मी सहा महिने घेतले. ती म्हणाली, "काकू, तुम्ही इचारलं की गोष्ट मोडती." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तेव्हापासून मी काही विचारत नाही. माझं पुस्तक घेऊन त्यांच्यात बसते. आता तीच मुलगी मधेच माझी बाही ओढते आणि एखादं वाक्य वाचून दाखवते.

२. पुस्तक हाताशी असावं लागतं. हे मला आपल्याच जिल्ह्यातल्या भिलारला कळलं. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय. तिथल्या लोकांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तकं मांडली आहेत. आम्ही गेलो तेव्हा आमची पोरं उंबऱ्यावरच घुटमळली. परक्याच्या घरात शिरून पुस्तक उचलायचं, हे त्यांना खरं वाटेना. घरी आल्यावर मी ट्रंकेचं कुलूप काढून टाकलं. ‘किशोर’ मासिकाचे अंक ट्रंकेबाहेर, पायरीवर मांडले. कुलूप मी का लावत होते, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

३. वाचणाऱ्याला ऐकणारं कुणी लागतं. एक मुलगा पुस्तक न्यायचा आणि तसंच परत आणायचा. त्याची आजी निरक्षर. एकदा मी त्याला व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ दिलं आणि म्हटलं, यातला ‘झेल्या’ आजीला वाचून दाखव. शाळेतल्या एका पोराची गोष्ट, सांगणारा त्याचा मास्तर. माणदेश आमच्या शेजारचाच. पुढच्या शनिवारी आजीच काठी टेकत ओट्यावर आली. "ह्यात आमच्यासारखंच बोलत्यात की," म्हणाली. मग चार आठवडे तो रोज रात्री तिला वाचून दाखवत होता. अडला की आजी शब्द पुरवायची. अक्षर न ओळखणारी बाई नातवाला वाचायला शिकवत होती, आणि एवढे दिवस मी तिला ‘घरात वाचणारं कुणी नाही’ या रकान्यात घातलं होतं.

४. आपल्या गावाची गोष्टच माझ्या ट्रंकेत नव्हती. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा आला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. दर वर्षी अभिवादन होतं. एका पोरानं विचारलं, "ही कुठल्या पुस्तकात हाय?" मी गप्प. मग पोरांनी घरोघरच्या म्हाताऱ्यांना विचारून, त्यांनी वाडवडलांकडून ऐकलेलं शंभर पानी वहीत लिहून काढलं. आज सगळ्यात जास्त बाहेर जाते ती हीच वही.

५. भेटवस्तूला पैसे लागले की कुणीतरी मागं राहतं. पहिल्या शिक्षकदिनाला मी पोरांकडून प्रत्येकी वीस रुपये काढले आणि शिक्षकांना द्यायला पेनांचे संच आणले. त्या शनिवारी एक पोरगा आला नाही. पुढच्याही नाही. त्याची आई कांद्याच्या काढणीला जायची, तिच्याकडून मला कारण वाटेत कळलं. ती रागावली नव्हती, त्यानंच मला जास्त लागलं.

पुढच्या वर्षी आम्ही पिंपळपानं घेतली. ऑगस्टच्या सुरुवातीला झाडावरची निबर पानं तोडायची आणि पाण्याच्या बादलीत बुडवून झाकून ठेवायची. पाणी काळं पडतं, वास मारतं, ते आठवड्यानं बदलायचं. तीन-चार आठवड्यांनी ताटलीत थोडं पाणी घेऊन मऊ ब्रशनं हलकेच चोळलं की हिरवा गर सुटतो आणि नुसत्या शिरांची जाळी उरते. निम्मी पानं फाटतात, म्हणून दुप्पट भिजवायची. रद्दीत दाबून वाळवायची, जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर चिकटवायची, वर भोक पाडून लोकरीचा धागा ओवायचा. झाली पुस्तकात ठेवायची खूण. घाई केली की पान जातं. बादलीपाशी रोज डोकावणारी पोरं बघताना, पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडून पानांचा हिशेब मागत होते ते आठवायचं.

६. आभार मानायला मोठे शब्द लागत नाहीत. खुणेसोबतच्या चिठ्ठीत आधी सगळ्यांनी ‘आपण थोर आहात’ असंच लिहिलं. मी म्हटलं, सरांची-बाईंची एकच गोष्ट लिहा, जी फक्त तुम्हाला ठाऊक आहे. बराच वेळ कुणी पेन टेकवेना. मग एकीनं लिहिलं, मी रडले तेव्हा बाईंनी माझं दप्तर उचललं होतं. वीस रुपयांवरून दुरावलेला पोरगा या वेळी ओट्यावर होता. त्यानं लिहिलं, सर, तुम्ही माझं नाव पूर्ण घेता.

आजीला वाचून दाखवणाऱ्या मुलानं बाईंना झेल्याबद्दल लिहिलं. पाच सप्टेंबरला बाईंनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "मग पुढं काय झालं रे त्या झेल्याचं?" तो म्हणाला, "तुम्हीच वाचा की बाई. मी आणून देतो."

शनिवारी त्यानं माझ्याकडून वही मागून घेतली. पुस्तकाचं नाव, तारीख, आणि नेणाऱ्याच्या रकान्यात सावकाश, जोडाक्षर नीट जुळवत, बाईंचं नाव लिहिलं.