आडनाव बदललं, जयकर राहिले

शारजात राहायला येऊन मला बारा वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं मी इथल्या हौशी निसर्गप्रेमींच्या एका छोट्या गटाची नोंदवही सांभाळते आहे. वही संगणकावरची आहे. कुठल्या वादीत (म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीपात्रात), कुठल्या तारखेला, कुणाला कोणती पाल, कोणता पक्षी, कोणतं झुडूप दिसलं ते तिच्यात असतं आणि प्रत्येक नोंद सजीवांच्या वर्गीकरणाच्या उतरंडीला जोडलेली असते. शास्त्रज्ञ ती उतरंड हलवतात, तेव्हा आमच्या वहीतलीही हलवावी लागते. ते काम माझ्याकडे आहे. प्राणिशास्त्र मी पदवीनंतर सोडलं, त्यामुळे यातलं बरंचसं चुकत चुकतच कळलं.

१. पहिली अडचण मराठीत आली, लॅटिनमध्ये नाही. शाळेत आम्ही सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी ओळ पाठ केली होती. त्या ओळीत जाती सर्वांत खाली आणि प्रजाती तिच्या एक पायरी वर. पण वर्तमानपत्रात ‘सह्याद्रीत पालीची नवी प्रजाती सापडली’ असं छापून येतं तेव्हा सापडलेली असते जाती. इथल्या मराठी मंडळातल्या मुलांसाठी मी मराठी तक्ता केला आणि दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “काकू, मग या दोन पायऱ्या कशाला?” तक्ता परत घेतला. तेव्हापासून मी शाळेतल्या ओळीलाच धरून आहे.

२. प्राण्याचं नाव बदलतं म्हणजे नक्की काय बदलतं, हे मला ताहरने शिकवलं. अमिरात आणि ओमानच्या हजर पर्वतात, उभ्या कड्यांवर राहणारा हा आखूड शिंगांचा, दाट केसांचा प्राणी आता फार थोडा उरला आहे. मी काम हाती घेतलं तेव्हा वहीत त्याची दोन नावं होती. जुन्या नोंदींत हेमिट्रॅगस जयकरी, नव्या नोंदींत अरेबिट्रॅगस जयकरी. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. त्या दुसऱ्या शब्दावर माझी नजर अडली. जयकर? इथे, या कड्यांवर?

ते होते डॉ. आत्माराम सदाशिव जयकर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले शल्यचिकित्सक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली बरीच वर्षं त्यांनी मस्कतला काढली. रोगी तपासता तपासता त्यांनी मासे, साप, सरडे, विंचू गोळा केले आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. ओमानी बोलीवर लिहिलं, तिथल्या म्हणी जमवल्या. त्यांनी मिळवून दिलेल्या नमुन्यांवरून ओल्डफील्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञाने १८९४ साली या ताहरचं वर्णन केलं आणि त्याला त्यांचं नाव दिलं. वाळूत डोळ्यांपर्यंत बुडून बसणारा इथला मांडुळाच्या गोतातला साप एरिक्स जयकरी, डोंगरातला लांब शेपटीचा सरडा ओमानोसॉरा जयकरी, एक विंचू हॉटेंटोटा जयकरी, एक समुद्रघोडा हिप्पोकॅम्पस जयकरी. इतकी वर्षं या देशात राहून मला हा माणूस माहीत नव्हता. त्या रात्री मी नोंदी सुधारायच्या सोडून त्याच्याबद्दलच वाचत बसले.

ताहरचं नाव बदललं ते २००५ साली. तोवर हिमालयातला, निलगिरीतला आणि अरबस्तानातला असे तिन्ही ताहर एकाच प्रजातीत होते. जनुकं तपासली तेव्हा हिमालयातला बकऱ्यांच्या जवळचा निघाला, निलगिरीतला मेंढ्यांच्या जवळचा आणि अरबी ताहर उत्तर आफ्रिकेतल्या औदाद या रानमेंढीसारख्या प्राण्याच्या जवळचा. तिघांची घरं वेगळी झाली. पण नियम असा, की प्रजाती बदलली तरी जातीचा शब्द सोबत जातो. ‘जयकरी’ ही लॅटिनमधली षष्ठी आहे, अर्थ ‘जयकरांचा’. त्यामुळे प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे त्या शब्दाचा शेवटही बदलत नाही. आमच्या घरात आत्याचं लग्नात आडनाव बदललं आणि पाळण्यातलं नावही बदललं. माहेरचं काहीच कागदावर उरलं नाही. ताहरचं तसं झालं नाही, याचं मला मनापासून बरं वाटलं. सरडा आधी लॅसर्टा होता, विंचू बुथस होता. त्यांचीही आडनावं गेली. जयकर राहिले.

३. दोन जाती एक झाल्या तर काम दहा मिनिटांचं, एका जातीच्या तीन झाल्या तर महिन्यांचं. हजर पर्वताच्या उत्तर भागात असॅकस कॉडिव्होल्व्हुलस नावाची पाल एकच समजली जायची. २०१६ साली कळलं की ती एक नाही, तिच्यात तीन जाती आहेत. गार्डनेरी आणि मार्गारिटी या दोन वेगळ्या काढल्या. मूळ नाव ज्या पालीकडे उरलं, ती आजच्या माहितीप्रमाणे अमिरातीबाहेर कुठेच सापडत नाही. या देशाबाहेर न सापडणारा हा एकमेव पृष्ठवंशीय प्राणी.

आता आमच्या जुन्या नोंदींचं काय करायचं? संगणक ते ठरवू शकत नाही. नोंद कुठल्या वादीतली आहे ते पाहून माणसाने ठरवायचं असतं, आणि निम्म्याहून अधिक नोंदींत जागेच्या रकान्यात नुसतं ‘हजर पर्वत’ लिहिलेलं. मला आधी वाटलं, अंदाजाने वाटून टाकू. दोन आठवडे तसं केलंही. मग त्याच नोंदींवरून कुणी उद्या ही पाल किती जागी उरली आहे ते मोजेल, हे लक्षात आलं आणि सगळं मागे घेतलं. ज्या नोंदींचा निकाल लागत नव्हता त्या एक पायरी वर सरकवल्या: असॅकस, जाती अनिश्चित. तिथे त्या अजून आहेत.

४. नाव कुणाकडे राहणार, हे ज्या नमुन्यावर ते नाव मुळात बांधलं गेलं त्यावर ठरतं. एकदा मात्र नमुनाच बदलला गेला. अकेशिया या नावाचा मूळ नमुना होता आपली बाभूळ. ही मोठी प्रजाती फोडायची वेळ आली तेव्हा, २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत, ते नाव ऑस्ट्रेलियातल्या जवळपास हजार जातींना दिलं गेलं. बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगालिया झाला, इथल्या वाळवंटातला समर हा काटेरी वृक्षही व्हॅचेलिया झाला. सोय म्हणून झालेला तो निर्णय मला आजही पटलेला नाही.

शमीचं उलट झालं. अमिरातीने २००८ साली ज्याला राष्ट्रीय वृक्ष ठरवलं तो घाफ म्हणजे आपली शमीच. दसऱ्याला आम्ही मंडळातल्या मुलांना एका जुन्या घाफापाशी घेऊन गेलो आणि पांडवांनी शस्त्रं कुठे लपवली ते त्याच्या सावलीत सांगितलं. या झाडाच्या प्रोसोपिस प्रजातीत अमेरिकेतून आलेली वेडी बाभूळही होती. इथे तिला घुवैफ म्हणतात, म्हणजे छोटा घाफ. तीही इथे लावली गेली आणि आवरेनाशी झाली. २०२२ साली प्रोसोपिस फोडली. मूळ नमुना भारतातली शमी होती, म्हणून नाव शमीकडे आणि तिच्या दोन भावंडांकडे राहिलं. वेडी बाभूळ नेल्टुमा झाली. तो बदल कळला त्याच रात्री मी तो वहीत केला.

५. वनस्पती आणि प्राणी यांचे नामकरणाचे नियम वेगळे आहेत. तेच प्रजातीनाम दोन्हीकडे असू शकतं. मोरस म्हणजे तुती आणि मोरस म्हणजे गॅनेट हा समुद्रपक्षी. आमच्या वहीत एका बागेतली तुती सहा महिने पक्ष्यांत बसली होती. तेव्हापासून मी नावावर विसंबत नाही, प्रत्येक नोंदीला क्रमांक देते.

६. जुनं नाव पुसायचं नसतं. पहिल्या वर्षी मी वहीतली सगळी अकेशिया टॉर्टिलिस खोडून तिथे व्हॅचेलिया टॉर्टिलिस लिहिलं आणि काम नीट झालं असं समजले. गटातल्या एका वयस्क गृहस्थांनी फोन केला. तीस वर्षांपूर्वी त्यांनी रास अल खैमाजवळ नोंदवलेले समर त्यांना सापडत नव्हते. ते त्यांना ज्या नावाने माहीत होते त्याच नावाने शोधत होते, आणि ते नाव मी मिटवलं होतं. ते रागावले नाहीत. “बघा जमलं तर,” एवढंच म्हणाले. जुन्या प्रतीवरून सगळी नावं परत आणायला मला तीन आठवडे लागले. आता प्रत्येक जातीखाली तिची आधीची नावं, कोणत्या वर्षी बदललं आणि का, हे लिहिलेलं असतं. जयकरांच्या ताहरखाली १८९४ आणि २००५ दोन्ही आहेत.

तुमच्या घरी आजोबांची पक्ष्यांची वही असेल, वनखात्यातल्या मामांनी केलेली झाडांची यादी असेल, कॉलेजातला पिवळा पडलेला हर्बेरियम कागद असेल, तर त्यावरचं नाव चुकीचं म्हणून खोडू नका. नवं नाव शेजारी पेन्सिलीने लिहा, आणि त्याखाली आजची तारीख घाला.