पिंजून काढणे: भाच्यास पत्र

कुडाळ

चि. भाच्यास,

तुझ्या इंग्रजी निबंधात हरवलेल्या लेखणीला तू ‘कोम थ्रू’ (comb through) या क्रियापदाचे कर्म केले आहेस. परंतु या पदाचे कर्म हरवलेली वस्तू नसून, जिच्यातून ती हुडकावयाची ती रास होय, आणि हव्या असलेल्या वस्तूचा निर्देश पुढे ‘फॉर’ या अव्ययाने होतो. ‘ही कोम्ड थ्रू द रेकॉर्ड्स फॉर द डीड’, म्हणजे एका खताच्या शोधात त्याने सारे दफ्तर पिंजून काढले. मराठीतही पिंजून काढतात ते रान, वाघ नव्हे. ‘चाळणे’ हा प्रतिशब्द मात्र येथे योजू नकोस, कारण पुस्तक चाळणारा पाने वरवर उलटतो, आणि या इंग्रजी पदात एकही पान न वगळण्याचा निर्धार अनुस्यूत आहे.

त्या निर्धाराचे मोल कळावयास रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे कार्य डोळ्यांपुढे आण. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, वयाची पासष्टी गाठत असता, त्यांनी साहाय्यकांसह पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदांचे रुमालामागून रुमाल सोडविले, आणि जमाखर्च, हुकूम व खलिते यांच्या मोडी अरण्यातून इतिहासोपयोगी कागद वेचून 1930 ते 1934 या अवधीत त्यांचे 45 खंड सिद्ध केले. निवडलेला कागद आपल्याला छापील दिसतो. त्यापायी किती निरुपयोगी कागद वाचून बाजूस ठेवावे लागले असतील, याचा विचार मला नेहमी नम्र करतो. तरीही त्या अफाट दफ्तराचा मोठा भाग पुढील अभ्यासकांस उरलाच. म्हणून समग्र दफ्तराविषयी हे क्रियापद मी वापरणार नाही, त्यांच्या हातांखालून गेलेल्या रुमालांपुरतेच वापरीन.

आपल्या कुडाळात एकेका सामाईक जमिनीचे हिस्सेदार मुंबईपर्यंत पांगलेले असतात, आणि वारसाच्या एका नावासाठी कचेरीत बसून फेरफाराच्या वह्या साल न वगळता पाहणारा मनुष्य या पदाचा खरा अधिकारी होय. खिशातल्या किल्लीला ‘लुक फॉर’ आणि तक्रारीच्या चौकशीला ‘लुक इन्टू’ पुरेसे आहेत; एवढे भारी पद तेथे खर्ची घालू नये. सर्वनाम आले तरी ते ‘थ्रू’च्या पुढेच राहते, मध्ये शिरत नाही.

निबंधातले ते वाक्य दुरुस्त कर, आणि खऱ्या शोधाची आणखी चार वाक्ये रचून उलटटपाली पाठव.

तुझा मामा